दोन नावांचा अर्ज

भास्करभाऊ,

दुसऱ्या वर्षाचा निधी मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. समोरचा पेशंट बाहेर जाताच सवयीने तुमचा नंबर लावला. फोन मंगलावहिनींनी उचलला. मीही सवयीनेच सांगून टाकलं, "मंजूर झालं." वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. सांगते त्यांना." बोलून झाल्यावर दोघींच्याही लक्षात आलं. मग त्याच म्हणाल्या, "घरी या ना ताई एकदा. चहा घेऊ."

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. तुमच्याच साप्ताहिकात तुमच्यावर छापून आलेलं वाचलं. जन्म, गाव, शिक्षण, खानदेशातून सुरतेला येणं, सगळं बरोबर होतं, पण त्यातला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. माझ्या ओळखीचा माणूस माझ्याशी दर आठवड्याला भांडायचा. तो कुठे छापून आला नाही, म्हणून हे लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझी वाक्यं तुम्ही दुरुस्त करायचात आणि म्हणायचात, "ताई, हे पेशंटच्या फाइलीत चालेल. माणसाला वाचायला देऊ नका."

आपली ओळखही भांडणातूनच झाली. तुम्ही साप्ताहिकात 'बहिऱ्यांची गल्ली' असा मथळा देऊन लेख छापला होता. सुरतेच्या उधन्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांना खातं म्हणतात. त्या खात्यांत काम करणारे सगळे काही वर्षांत बहिरे होतात, असं तुम्ही ठोकून दिलं होतं. माझ्या एका पेशंटने तो अंक आणून दाखवला. मी कानांची डॉक्टर. असं काही वाचलं की माझं डोकं फिरतं. अंकावरचा नंबर फिरवला आणि विचारलं, "हे तुम्ही कशावरून लिहिलं?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमच्या गल्लीत या. सगळ्यांचे टीव्ही केवढ्याने लागलेले असतात ते ऐका."

"टीव्हीवरून बहिरेपण ठरत नाही. मोजावं लागतं."

"मग मोजा ना."

"असं कसं मोजणार? यंत्रं लागतात, माणसं लागतात. पैसे कोण देणार?"

तुम्ही "बघतो" म्हणून फोन ठेवलात. मला वाटलं, मी जिंकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात हजर. हातात प्रिंट काढलेले कागद. एका संस्थेचा निधी होता, शोधपत्रकारितेसाठी. अट एकच, की पत्रकार आणि शास्त्रज्ञ दोघांनी मिळून अर्ज करायचा. तुम्ही म्हणालात, "सत्यनारायणाच्या पूजेसारखं आहे. एकट्याने बसता येत नाही."

मी म्हटलं, "मी कान तपासते. शास्त्रज्ञ कुठली?"

"मोजता ना? मग झालं."

माझ्या दवाखान्यातले सहकारी म्हणाले, पेपरवाल्यांच्या नादी लागू नकोस. तू खरं सांगशील, ते भलतंच छापतील आणि निस्तरायला तू एकटी राहशील. मलाही तीच भीती होती. तरी मी सही केली. का केली, हे तुम्ही पुष्कळदा विचारलंत आणि मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगितलं. खरं कारण साधं होतं. इतकी वर्षं लूमवाले माझ्याकडे यायचे, मी एकेकाचा कान तपासून घरी पाठवायचे. हा माणूस मला पहिल्यांदाच विचारत होता की यांचं सगळ्यांचं मिळून काय आहे. तो प्रश्न मलाच पडायला हवा होता असंही वाटत होतं, पण पडला तो तुम्हाला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समितीतल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या दोघांत मतभेद झाले तर?" मी काहीतरी गुळगुळीत उत्तर जुळवत होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "होतीलच. सकाळपासून दोन झालेत." त्या बाई हसल्या. मग आपण तिथल्या तिथे नियम ठरवला. मोजमाप आणि त्याचा अर्थ माझा, शब्द तुमचे, आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. पैसे त्या नियमावरच मिळाले असं मला अजून वाटतं. आपल्या दोघांच्या कामाला स्वतंत्रपणे कोणी विचारलं नसतं.

पैसे आले, यंत्र आलं, आणि मग कळलं की उधन्यात कान तपासायला शांत खोलीच नाही. शाळा पाहिली, तिच्या मागे खातं. देवळामागची खोली पाहिली, तिथे भिंतीपलीकडे लूम. एका डॉक्टरांचा दवाखाना पाहिला, तर वरच्या मजल्यावर भरतकामाची मशीनं. तुम्ही वैतागलात. "ताई, तुमच्या शास्त्राला अमरावतीला घेऊन जा. इथे शांतता तयार होत नाही." मी अमरावतीच्या, माहेरच्या भाषेत काही बोलले की तुम्ही "काऊन बाप्पा" म्हणून चिडवायचात, तसं तेव्हाही चिडवलंत.

मग एका मंडप डेकोरेटरच्या गोदामात चहा प्यायला बसलो. तो तुमचा मित्र. चारी बाजूंनी लग्नातल्या गाद्या, लोड, तक्के छतापर्यंत रचलेले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आपण ओरडत नाही आहोत. मी कप खाली ठेवला आणि यंत्र काढलं. त्या गोदामात, गाद्यांच्या मधोमध, एक खुर्ची टाकून आपण तपासणी सुरू केली. लग्नसराईत गाद्या बाहेर गेल्या की आपलं काम बंद. निधी देणाऱ्या संस्थेला उशिराचं कारण कळवताना तुम्ही 'लग्नतिथींमुळे' असं लिहिलं होतंत. मी ते खोडलं. आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

पहिले आले ते दगडूअप्पा. वय साठीच्या आत, सगळं आयुष्य खात्यात गेलेलं. आत यायलाच तयार नव्हते. "माले समदं ऐकू येस," म्हणाले. त्यांची बायको बाहेरून ओरडली, "काहीच येस नही." कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. खालच्या पट्टीचे आवाज त्यांना आले. वरच्या पट्टीत मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले, ते तसेच बटणावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, "तुमनं मशीन बंद शे."

तुम्ही हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावलात, ऐकलंत, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं म्हणालात, "चालू शे अप्पा." नंतर बराच वेळ तुम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसला होतात. काय बोललात ते मी कधी विचारलं नाही.

चांगली सुरुवात झाली आणि मग एका रविवारी कोणीच आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कोणत्या तरी खात्याच्या मालकाच्या कानावर गेलं होतं. तपासणीला जाणाऱ्याची पाळी बदलून मिळेल, असा निरोप फिरला होता. पाळी बदलणं म्हणजे काम सुटणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी हबकले. त्या लोकांचं पोट आपल्या यंत्रापायी पणाला लागलं होतं. नावं गुप्त राहतील असं आपण सांगितलं होतं, पण कागदावर सांगणं वेगळं आणि गल्लीत राहणं वेगळं. मी म्हटलं, "थांबू या. पैसे परत करू." तुम्ही म्हणालात, "थांबू या. परत नको करू या."

पुढच्या रविवारी तुम्हीच त्या खुर्चीवर जाऊन बसलात. "माझं करा."

तुम्ही तरुणपणी काही वर्षं लूमवर होतात, हे मला तेव्हा कळलं. उजव्या कानाचं मात्र मला आधीपासून माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, की तुम्ही कुठेही गेलात तरी माझ्या उजवीकडची खुर्ची धरता, म्हणजे तुमचा डावा कान माझ्याकडे येतो. फोनही डाव्याच कानाला. मी विचारलं नाही. असलं माणसाने स्वतःहून सांगावं असं मला वाटतं. तपासणी झाली. डाव्या कानात तीच खूण होती जी दगडूअप्पांच्या आणि इतरांच्या कानात दिसत होती, वरच्या पट्टीचे आवाज गेलेले. उजवा कान त्याहून वाईट.

तुम्ही कागद हातात घेतलात आणि म्हणालात, "हा छापायचा. माझ्या नावानिशी."

तिथे आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, जो बातमी लिहितो त्याने बातमीत यायचं नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्या कोणाचं नाव छापलं तर त्याची पाळी जाईल. माझी कुठली पाळी जाते?" मी म्हटलं, तुमचा उजवा कान लूमने गेला की नाही हे मला ठाऊक नाही. लहानपणी कान वाहायचा का? तुम्ही कागदाची घडी घातलीत. "वाहायचा."

"मग तो कान मी लूमच्या खात्यात टाकू शकत नाही."

"अर्ध्या गल्लीचे कान लहानपणी वाहिलेत ताई. मग कोणाचाच छापू नका."

"म्हणूनच तर म्हणते. 'मुळे' हा शब्द इतक्यात वापरू नका. याच गल्लीतली, याच वयाची, पण लूमवर कधी न गेलेली माणसं तपासू या. भाजीवाले, शिंपी, रिक्षावाले. मग बोलू."

'मुळे' या एका शब्दासाठी आपण कित्येक महिने थांबलो. मध्ये एका मोठ्या दैनिकाने तुम्हाला फोन केला होता, आहे तेवढं द्या, पहिल्या पानावर लावतो. तुमच्या आयुष्यात अशी संधी किती वेळा आली असेल, मला कल्पना आहे. तुम्ही त्यांना सांगितलंत, "माझ्या डॉक्टरांनी हो म्हटलेलं नाही." हे तुम्ही मला त्या वेळी सांगितलं नाहीत. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं. मी आभार मानायचं ठरवलं होतं. मग पुढचंच भांडण सुरू झालं आणि राहून गेलं.

भाजीवाल्यांचे, शिंप्यांचे कान तपासले. फरक उघड होता. लूमवर जितकी जास्त वर्षं, तितकी हानी जास्त, आणि लूमवर न गेलेल्या शेजाऱ्यांत तसं नाही. त्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, "आता लिहा 'मुळे'." तुम्ही मान हलवलीत आणि चहा सांगितलात.

तुमचा लेख मी अजून कपाटात ठेवला आहे. सुरुवातीला तुमचाच तपासणीचा आलेख, तुमच्या नावासह. आणि त्याखाली तुम्ही लिहिलं होतं: "माझ्या उजव्या कानाचं कारण डॉक्टरांना नक्की माहीत नाही, मलाही नाही. डाव्या कानाचं माहीत आहे." ती दोन वाक्यं वाचून मी तुमच्या नावालाही हो म्हटलं, त्यांत काहीही बदललं नाही. लोकांनी तो लेख मानला तो याच दोन वाक्यांसाठी, असं मला मागाहून कळत गेलं. जो माणूस उजव्या कानाबद्दल माहीत नाही म्हणतो, तो डाव्याबद्दल खोटं कशाला बोलेल? पुढच्या रविवारी गोदामाबाहेर रांग लागली होती. कोणीतरी दगडूअप्पांना पुढे सरकायला सांगितलं, ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि रांगेतले सगळे हसले. अप्पाही हसले.

फार मोठं काही घडलं असं मी म्हणणार नाही. काही खात्यांत लूमखाली रबर बसलं. भागातल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा कान तपासायला सुरुवात झाली. बऱ्याच जणांनी कानात घालायचे बोळे नेले आणि घालत नाहीत, कारण मग लूमचा धोटा अडकल्याचा आवाज कळत नाही म्हणतात. त्यावर अजून उपाय सापडलेला नाही. पण विचारायला माणसं येतात. आधी येत नव्हती.

आणि मग एक शेठ आले. सुरतेजवळच्या सचिन गावात त्यांचं स्वतःचं खातं, माणूस बोलायला गोड. आपलं काम त्यांना मनापासून आवडलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. दुसऱ्या वर्षाचा सगळा खर्च ते देणार होते, यंत्र बसवलेल्या गाडीसकट. त्यांची एवढीच इच्छा होती, "बेन, छापतां पहेलां खाली जोवा आपजो." छापण्याआधी नुसतं बघायला द्या. संस्थेच्या निधीचं तेव्हा काहीच नक्की नव्हतं. मला वाटलं, घ्यावेत. कानाला कळत नाही तपासणीचे पैसे कोणी दिले ते. तुम्ही सरळ नाही म्हणालात. मी म्हटलं, तुमच्या तत्त्वासाठी लोकांच्या तपासण्या थांबवायच्या का? तुम्ही म्हणालात, "ज्याच्या खात्याबद्दल लिहायचं, त्याला आधी दाखवायचं, तर मग लिहायचं कशाला?" त्या दुपारी तुमच्या कचेरीत आपण पुष्कळ वेळ तेच तेच बोललो. शेवटी तुम्ही म्हणालात, "ताई, आज मी ऐकायच्या मनःस्थितीत नाही." मी म्हटलं, "तुम्ही कधी असता?" तुम्ही हसलात. मला दवाखाना गाठायचा होता, मी निघाले. त्यानंतर तुमची भेट झाली ती रुग्णालयात, आणि तिथे तुम्हाला बोलायची मनाई होती.

मध्यंतरी वहिनींकडे गेले. चहा झाला. मी संकोचत विचारलं, की आमच्या शेवटच्या भांडणाबद्दल घरी काही बोलले होते का. वहिनी हसल्या. "रोज बोलायचे. ते म्हनेत, डॉक्टर भांडस म्हनीसन लेख चांगला व्हस." मग कप उचलता उचलता म्हणाल्या, "त्या शेठचंही बोलले होते. म्हणाले, ताईचं अगदीच चूक नाही. कान तपासायला त्याचे पैसे घेऊ, लिहायला नको. दोन्ही वेगळं ठेवता येतं का बघतो."

दोन्ही वेगळं ठेवता येतं का बघतो. भास्करभाऊ, हे तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी नक्की काहीतरी खुसपट काढलं असतं. आता कोणाशी काढू?

मी शेठकडे गेले. सांगितलं, तुमच्या कामगारांच्या तपासणीचा खर्च तुम्ही करा, गाडीही द्या. पण शोधाचा आणि लेखाचा पैसा संस्थेचा असेल आणि लेख तुम्हाला सगळ्यांबरोबरच वाचायला मिळेल. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. म्हणाले, "भास्करभाईए कह्युं हतुं आवुं?" भास्करभाईंनी असं सांगितलं होतं? मी हो म्हटलं. त्यांनी गाडी कधी हवी ते विचारलं. हे पैसे पूर्ण स्वच्छ राहतील का, याबद्दल माझ्या मनात थोडी धाकधूक आहेच. तुमच्याही मनात राहिली असती. लेखात शेठच्या गाडीचा उल्लेख ठळक करायचा, एवढं मी ठरवलं आहे.

संस्थेच्या बाईंनी फोनवर एक प्रश्न विचारला होता. अर्ज दोन नावांचा आहे, दुसऱ्या नावाचं काय? मी त्यांना मनीषाचं नाव दिलं. मनीषा बागूल, तुमच्या साप्ताहिकात बातम्याही लिहिते आणि पानंही लावते. तुम्ही तिला माझ्यासमोर कधी शाबासकी दिली नाहीत, पण तिची बातमी न बघता पानाला लावायचात, ते मी पाहिलं होतं. पहिल्याच बैठकीत तिने मला सांगितलं, "ताई, एक आधीच बोलते. लेख छापायच्या आधी खात्याशेजारच्या बायकांना वाचून दाखवणार. त्यांच्या घराचं आहे, त्यांना आधी कळलं पाहिजे." मी म्हटलं, मग त्या काही काढायला सांगतील. ती म्हणाली, "सांगू देत. काढायचं की नाही ते आपण ठरवू." शेठला नाही म्हणायचं आणि बायकांना वाचून दाखवायचं, हे कसं जमवायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. वाद चालू आहे. बरं वाटतं.

या वर्षीचा विषय तुम्हीच सुचवला होता. खात्याला भिंत लागून असलेल्या घरांत राहणाऱ्या बायका. लूमवर त्या कधी गेलेल्या नाहीत, पण लूम दिवसभर त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. मागच्या शुक्रवारी मी आणि मनीषा पहिल्या घरी गेलो. शहाद्याकडची एक बाई, पोळ्या लाटत होती. मी भिंतीजवळ आवाज मोजायचं यंत्र धरलं. मनीषा प्रश्न ओरडून विचारत होती, बाई उत्तरं ओरडून देत होती, ठीक आहे, काही त्रास नाही, सवय आहे. हो, नाही, सवय आहे. पंधरा प्रश्नांना तेच.

मध्येच त्या लाइनची वीज गेली आणि पलीकडचे लूम एकामागून एक थांबले. बाईचं वाक्य अर्धवट होतं, ते त्या शांत खोलीत एकदम केवढ्याने तरी ऐकू आलं. ती दचकली. मग तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, तशा आम्हीही हसलो. तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि आमच्यासमोर खाली येऊन बसली.

"आता सांगते," ती हळू आवाजात म्हणाली.

मनीषाने वही उघडली. मी यंत्र बंद करून ऐकायला बसले.